चाळणीशिवाय चाळणं: रक्तातली एक वेगळी पेशी कशी सापडते?



आज एका सोप्या प्रश्नाने सुरुवात करूया. घरात रवा आणि मैदा चुकून एका डब्यात गेले, तर तुम्ही काय कराल? बारीक चाळण घ्याल, हलवाल, मैदा खाली पडेल आणि रवा वर राहील. भाजलेल्या शेंगदाण्यांची सालं काढायची असतील, तर सूप घ्याल आणि पाखडाल. सालं उडून जातात, दाणे सुपात राहतात. म्हणजे आकाराने वेगळं करायचं असेल तर चाळण आणि वजनाने वेगळं करायचं असेल तर सूप. आपल्या आज्या-पणज्यांना हे कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं.

आता थोडा अवघड प्रश्न. रव्याचा दाणा साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. समजा वेगळे करायचे कण त्याच्यापेक्षा पन्नास-साठ पटींनी लहान आहेत. ते कोरडे नाहीत, पातळ पदार्थात तरंगताहेत. ते मऊ आहेत, चिकट आहेत, जोर लावला तर फुटतात. आणि त्यांची संख्या इतकी, की मोजायला बसलात तर आयुष्य पुरणार नाही. आता कुठली चाळण घ्याल?

हे कण म्हणजे आपल्या रक्तातल्या पेशी. त्यांना चाळणीशिवाय आकारानुसार वेगळं करणाऱ्या छोट्याशा चिपची गोष्ट आज सांगणार आहे. मी स्वतः इंग्रजी साहित्य शिकलेली. त्यामुळे समीकरणं वगैरे काही नाहीत, घाबरू नका! पण शेवटपर्यंत नक्की वाचा, कारण शेवटी एक साधा हिशेब आहे. 'रक्ताच्या एका थेंबात कॅन्सर ओळखा' असा मेसेज पुढच्या वेळी फॅमिली ग्रुपवर आला, की तो हिशेब तुमच्या कामी येईल.

आधी आकडे पाहू

एक मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपला केस साधारण ७० ते १०० मायक्रॉन जाड असतो. रक्तातली लाल पेशी ७ ते ८ मायक्रॉन रुंद आणि जेमतेम २ मायक्रॉन जाड असते. दोन्ही बाजूंनी मधोमध दाबलेल्या मऊ पेढ्यासारखा तिचा आकार. प्लेटलेट्स आणखी लहान, २ ते ३ मायक्रॉनच्या. पांढऱ्या पेशी मोठ्या. त्यातल्या बऱ्याचशा १० ते १५ मायक्रॉनच्या असतात, काही त्याहून लहानही असतात.

आता संख्या. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात, म्हणजे पाव चमचाही भरणार नाही एवढ्या रक्तात, साधारण ५०० कोटी लाल पेशी असतात. पांढऱ्या पेशी साधारण ४० लाख ते एक कोटी दहा लाखांच्या दरम्यान. प्लेटलेट्स १५ ते ४५ कोटी.

या गर्दीत शोधायचं काय? शरीरात कुठे कॅन्सरची गाठ असेल, तर कधीकधी तिच्यातली एखादी पेशी सुटते आणि रक्तात वाहू लागते. १८६९ मध्ये ऑस्ट्रेलियातले डॉक्टर थॉमस ॲशवर्थ यांनी कॅन्सरने दगावलेल्या एका रुग्णाचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. त्या रुग्णाच्या गाठींमध्ये होत्या तशाच पेशी त्यांना रक्तातही दिसल्या. कॅन्सर एका जागेवरून दुसरीकडे कसा पोहोचतो, याचा हा एक धागा होता. आज या पेशींना 'रक्ताभिसरणातल्या ट्यूमर पेशी' म्हणतात. आपण त्यांना आजच्यापुरतं 'भटक्या पेशी' म्हणू.

या भटक्या पेशी फार थोड्या असतात. एक मिलिलिटर रक्तात एखादी, कधी दहा, अनेकदा एकही नाही. डॉक्टर तपासणीसाठी साडेसात मिलिलिटर रक्त घेतात असं धरा. त्यात सुमारे ३,७५० कोटी लाल पेशी झाल्या. दर सेकंदाला एक या वेगाने, न झोपता, न जेवता त्या मोजत बसलात, तर जवळजवळ बाराशे वर्षं लागतील. आणि शोधायच्या आहेत पाच-सहा पेशी!

मात्र एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. या भटक्या पेशी बऱ्याचदा आजूबाजूच्या पेशींपेक्षा आकाराने मोठ्या असतात. म्हणून मग प्रश्न उरतो तो चाळण्याचा.

साधी चाळण का चालत नाही?

तुम्ही म्हणाल, बारीक भोकांची जाळी बनवा आणि रक्त गाळा. तसं करूनही पाहिलं गेलं आहे आणि ते काही प्रमाणात चालतंही. पण चहाची गाळणी आठवा. थोडा वेळ चहा छान गळतो, मग चोथा साचतो आणि गाळणी तुंबते. रक्ताचंही तसंच होतं. शिवाय पेशी मऊ असतात. मागून दाब वाढला, की मोठी पेशीही अंग चोरून भोकातून निसटते, नाहीतर फुटते. आपल्याला ती पेशी जिवंत आणि धड हवी असते, कारण पुढे तिचीच तपासणी करायची असते.

मग कणांना कुठेही न अडवता, वाहता वाहताच वेगळं करता आलं तर? ते शक्य होतं आणि त्याचं कारण पाण्याच्या एका सवयीत आहे.

पाणी मधासारखं वागतं तेव्हा

नदीच्या पुरात भोवरे असतात, बेसिनच्या नळाखाली फेस असतो. बाटलीतून मध ओतला तर मात्र तो शांतपणे, घडी घातल्यासारखा पडतो. उडत नाही, गोंधळ घालत नाही.

ऑस्बर्न रेनॉल्ड्स नावाच्या शास्त्रज्ञाने १८८३ मध्ये मँचेस्टरला एक प्रसिद्ध प्रयोग केला. काचेच्या नळीतून पाणी सोडलं आणि त्यात मधोमध रंगाची एक बारीक धार सोडली. वेग कमी असताना रंगाची रेघ सरळ, आखल्यासारखी राहिली. वेग वाढवल्यावर एका टप्प्याला ती रेघ तुटली आणि रंग सगळीकडे पसरला. म्हणजे प्रवाह दोन स्वभावांचा असतो, एक शिस्तीचा आणि एक दंगेखोर. कुठला स्वभाव दिसेल हे वेग, वाटेची रुंदी आणि द्रवाचा घट्टपणा यांवर ठरतं.

वाट खूप अरुंद केली, अगदी केसाएवढी, तर साधं पाणीसुद्धा मधासारखं शिस्तीत वाहू लागतं. अशा वाटेत दोन रंगांचं पाणी शेजारी शेजारी सोडलं, तर दोन्ही धारा बराच वेळ न मिसळता एकमेकींच्या सोबतीने जातात. रस्त्यावर पांढरे पट्टे मारलेले असावेत आणि प्रत्येक गाडीने आपली लेन पाळावी, तसं. (आपल्याकडच्या रस्त्यांवर हे कधी दिसेल ते सोडा!)

हेच या विषयाचं गुपित आहे. प्रवाह शिस्तीत असला, की कुठला कण कुठून जाईल हे आधीच सांगता येतं. आणि ते सांगता आलं, की वाटेचा आकार असा ठेवता येतो, की मोठे कण एका दाराने बाहेर पडतील आणि लहान दुसऱ्या. या शास्त्राचं नाव मायक्रोफ्लुइडिक्स, म्हणजे अतिसूक्ष्म नाल्यांमधल्या प्रवाहाचं शास्त्र.

पहिली युक्ती: भिंतीला चिकटून चला

एक अरुंद बोळ डोळ्यासमोर आणा. त्यातून एक सडपातळ मुलगा आणि एक चांगले भरलेल्या अंगाचे काका चालले आहेत. गर्दी इतकी, की दोघेही डाव्या भिंतीला घासून चालताहेत. आता सांगा, कुणाच्या अंगाचा मध्यबिंदू भिंतीपासून लांब आहे? अर्थातच काकांचा.

बोळ संपून मोठं मैदान आलं, की प्रवाहाच्या रेषा पंख्यासारख्या पसरतात. मुलगा भिंतीलगतच्या रेषेवर होता, तो भिंतीजवळच राहतो. काका थोडे आतल्या रेषेवर होते, ते पसरत पसरत मैदानाच्या मध्याकडे जातात. बोळात दोघांमध्ये बोटभर फरक होता, मैदानात तो हातभर होतो. आता दोघांसाठी दोन वेगळी दारं ठेवली की झालं.

जपानमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये ही पद्धत मांडली. चिपवर दोन धारा एकत्र येतात, एकीत कण आणि दुसरीत नुसता द्रव. नुसता द्रव जोर लावून सगळ्या कणांना एका भिंतीवर दाबतो. मग अरुंद मान येते आणि तिच्या पुढे एकदम रुंद जागा. ना जाळी, ना वीज, ना रसायन.

दुसरी युक्ती: तिरक्या खांबांचा मंडप

त्याच वर्षी, २००४ मध्ये, अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी आणखी एक भन्नाट कल्पना 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. ही समजून घ्यायला एखाद्या जुन्या देवळाचा सभामंडप आठवा. खांबांच्या रांगा आहेत. पण बांधणाऱ्याने एक गंमत केली आहे. प्रत्येक पुढची रांग आधीच्या रांगेपेक्षा किंचित उजवीकडे सरकवली आहे. समजा दोन खांबांमधल्या अंतराच्या दहाव्या भागाइतकी.

आता या मंडपातून पाणी वाहू द्या. दोन खांबांमधून जाणाऱ्या धारेचे मनातल्या मनात दहा पट्टे करा. पुढचा खांब किंचित सरकलेला असल्याने दर रांगेला एक पट्टा खांबाच्या दुसऱ्या बाजूने वळसा घालतो. दहा रांगा झाल्या, की सगळे पट्टे पुन्हा आपापल्या मूळ जागी येतात. म्हणजे पाणी एकंदरीत सरळच जातं.

छोटा कण आपल्या पट्ट्यात मावतो. पट्टा वळला की तोही वळतो. थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे, नागमोडी चालत शेवटी पाण्याबरोबर सरळच पोहोचतो.

मोठ्या कणाचं तसं होत नाही. खांबालगतच्या पट्ट्यातून जायचं, तर त्याला खांबाच्या फार जवळ यावं लागेल आणि त्याचं पोट तर खांबाला टेकलेलं! त्याचा मध्यबिंदू पहिल्या पट्ट्यात बसतच नाही, तो दुसऱ्या पट्ट्यात पडतो. त्यामुळे वळसा घालायची पाळी आली, की खांब त्याला हलकेच बाजूला ढकलतो. पुढच्या रांगेत पुन्हा तसंच. दर रांगेला एकेक पाऊल उजवीकडे सरकत तो खांबांच्या तिरक्या रेषेवरून चालत राहतो आणि मंडपाच्या दुसऱ्याच कोपऱ्यातून बाहेर पडतो.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगू? दोन खांबांमधली फट कणापेक्षा मोठीच असते. कुणालाच अडवायचं नसतं, म्हणून चाळणीच्या मानाने तुंबण्याची भीती खूप कमी होते. रांगा किती तिरक्या ठेवायच्या आणि फट किती ठेवायची, यावरून 'मोठा' कुणाला म्हणायचं हे ठरतं. प्रिन्स्टनच्या त्या प्रयोगात ०.८, ०.९ आणि १ मायक्रॉनचे बारीक गोळे ४० सेकंदांत वेगळे झाले. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतका फरक या नुसत्या खांबांनी ओळखला!

पुढे २०१६ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी हेच खांब इतके लहान केले, की २० नॅनोमीटरपर्यंतचे कण बाजूला काढता आले. एका मायक्रॉनमध्ये हजार नॅनोमीटर असतात. पेशी आपल्यातून अगदी बारीक पिशव्या बाहेर सोडतात, त्यांना एक्झोसोम म्हणतात. त्या पिशव्याही या मंडपात वेगळ्या निघाल्या.

तिसरी युक्ती: वेग आणि वळण

१९६१ मध्ये सेग्रे आणि सिल्बरबर्ग या दोन शास्त्रज्ञांना एक विचित्र गोष्ट दिसली. गोल नळीतून त्यांनी बारीक गोळे तरंगत असलेला द्रव सोडला. आत शिरताना गोळे सगळीकडे विखुरलेले होते. पुढे गेल्यावर ते आपोआप एका कड्यात जमले. हे कडं नळीच्या मध्यावरही नव्हतं आणि भिंतीलगतही नव्हतं. ते मध्यापासून भिंतीकडे जाताना साधारण ०.६ अंतरावर होतं.

असं का होतं? नळीत मधला द्रव वेगाने धावतो आणि भिंतीजवळचा रेंगाळतो. या फरकामुळे कणाला भिंतीच्या दिशेने ढकलणारा एक जोर मिळतो. पण भिंत जवळ आली, की ती उलट ढकलते. दोन्ही जोर सारखे होतात तिथे कण स्थिरावतो. महत्त्वाचं म्हणजे कण दुप्पट मोठा असेल, तर हा जोर दुपटीपेक्षा कितीतरी जास्त वाढतो. म्हणून मोठे कण लवकर रांगेत येतात आणि लहान मागे विखुरलेले राहतात.

कित्येक वर्षं ही एक गंमत म्हणूनच राहिली होती. २००७ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या मेहमेट टोनर यांच्या गटाने ती चिपवर आणली. कण एकामागोमाग एक, शाळेच्या प्रार्थनेला निघालेल्या मुलांसारखे ओळीने जाऊ लागले.

नाली सरळ न ठेवता चकलीसारखी गोल गोल वळवली, तर काम आणखी सोपं होतं. वळणावर मधला वेगवान द्रव बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि वरून-खालून परत आत येतो. मोठे कण आतल्या भिंतीजवळ आपली जागा धरून राहतात, लहान कण या गिरकीबरोबर दुसऱ्या बाजूला वाहून जातात. सिंगापूरमधल्या संशोधकांनी अशा चकलीच्या आकाराच्या चिपमधून रुग्णांच्या रक्तातल्या भटक्या पेशी वेगळ्या करून दाखवल्या.

ही चिप बनते कशी?

मोदकाचा साचा पाहिलाय ना? बरंचसं तसंच. आधी प्रकाशाच्या मदतीने नाल्यांचा उलटा साचा तयार करतात. त्यावर सिलिकोनचं पातळ रबर ओततात, तापवून घट्ट करतात आणि सोलून काढतात. रबरावर नाल्या उमटलेल्या असतात. ते काचेच्या पट्टीवर चिकटवलं, की चिप तयार. हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने १९९८ मध्ये ही पद्धत सोपी करून दाखवली. त्यानंतर महागड्या कारखान्याशिवायही, साध्या प्रयोगशाळेत अशा चिप बनू लागल्या. केक बनवायचे मऊ सिलिकोनचे साचे तुमच्या घरी असतील, तर ते रबर याच कुळातलं आहे.

आपल्या शरीरात ही युक्ती आधीपासून आहे

माणसाने हे सगळं अलीकडे शोधलं, पण आपल्या पोटात डाव्या बाजूला, बरगड्यांखाली, हे काम आयुष्यभर चालू असतं. तो अवयव म्हणजे प्लीहा. तिच्या आत एक ते दोन मायक्रॉनच्या अरुंद फटी असतात. आठ मायक्रॉनच्या लाल पेशीला त्यातून अंग चोरून निघावं लागतं. तरुण, लवचिक पेशी निघून जाते. म्हातारी, ताठर झालेली पेशी अडकते आणि शरीर तिची विल्हेवाट लावतं. मलेरियाच्या जंतूने ताठर केलेल्या पेशीही इथे अडकतात. म्हणजे प्लीहा नुसता आकार पाहत नाही, मऊपणाही तपासते.

हे मुद्दाम सांगते आहे, कारण आकार हा चांगला पुरावा असला तरी एकट्याने पुरत नाही.

आकार कुठे फसवतो?

काही भटक्या पेशी पांढऱ्या पेशींएवढ्याच असतात. त्या आकाराच्या परीक्षेत लहानांच्या रांगेत निघून जातात. उलट दोन पांढऱ्या पेशी एकमेकींना चिकटल्या, तर चिपला ती एक मोठी पेशी वाटते. लाल पेशी चपटी असल्याने कधी आठ मायक्रॉनची वागते, तर कधी कडेवर वळून दोनची.

दुसरा मार्ग ओळखपत्र पाहण्याचा. काही भटक्या पेशींच्या अंगावर एक विशिष्ट प्रथिन असतं. त्याला नेमकं चिकटणारा पदार्थ लावला, की पेशी पकडली जाते. अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळालेली 'सेलसर्च' ही पद्धत याच तत्त्वावर चालते. सुनीता नागरथ, मेहमेट टोनर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये 'नेचर'मध्ये मांडलेल्या चिपवर असा पदार्थ लावलेले ७८,००० सूक्ष्म खांब होते. पण ओळखपत्रातही अडचण आहे. काही कॅन्सर पेशी प्रवासात ते प्रथिन टाकून देतात. मग त्या पकडल्या जात नाहीत.

म्हणून २०१३ मध्ये बोस्टनच्या त्याच गटाने दोन्ही मार्ग एकत्र केले. तिरक्या खांबांच्या मंडपात लाल पेशी आणि प्लेटलेट्स बाजूला काढायच्या. उरलेल्या मोठ्या पेशींना वळणाच्या नालीत एका ओळीत आणायचं. मग चुंबकाने पांढऱ्या पेशी ओढून घ्यायच्या, कारण त्यांना आधीच चुंबकाचे बारीक मणी लावलेले असतात. मागे जे उरतं, त्यात भटक्या पेशी. भटक्या पेशीचं ओळखपत्र मागायचंच नाही, ओळखीच्या सगळ्यांना घरी पाठवायचं आणि कोण उरलं ते पाहायचं!

आता तो हिशेब

सेलसर्च पद्धतीत साडेसात मिलिलिटर रक्त तपासतात. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्यात पाच किंवा जास्त भटक्या पेशी सापडल्या, तर आजार जास्त गंभीर वळणावर असण्याची शक्यता धरतात. आता रक्ताचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. म्हणजे साडेसात मिलिलिटरमध्ये १५० थेंब झाले. पाच पेशी १५० थेंबांत वाटल्या, तर तीस थेंबांमागे एक पेशी. म्हणजे आजार पसरलेला असूनही, बोटाला सुई टोचून घेतलेल्या एका थेंबात ती पेशी सापडण्याची शक्यता तिसात एक. उरलेल्या एकोणतीस वेळा तो थेंब 'काही नाही' म्हणेल आणि माणूस निश्चिंत होऊन घरी जाईल.

चिप कितीही हुशार असली, तरी थेंबात जे नाहीच ते ती शोधू शकत नाही. रक्तातली साखर प्रत्येक थेंबात असते, म्हणून ग्लुकोमीटरला थेंब पुरतो. भटकी पेशी प्रत्येक थेंबात नसते. हा फरक लक्षात ठेवा.

थेंबाच्या मोहात जग एकदा चांगलंच फसलं आहे. अमेरिकेतली थेरानोस ही कंपनी बोटातल्या काही थेंबांवर ढीगभर तपासण्या करण्याचा दावा करत होती. २०१५ मध्ये वृत्तपत्राने त्या दाव्यांमागचं खरं चित्र बाहेर काढलं, २०१८ मध्ये कंपनी बंद झाली आणि २०२२ मध्ये तिच्या संस्थापक एलिझाबेथ होम्स यांना गुंतवणूकदारांची फसवणूक केल्याबद्दल न्यायालयाने दोषी ठरवलं.

म्हणून असा दावा वाचलात, की एवढं विचारा:

• किती रक्त घेतात? थेंब की नळीभर?

• तपासणी कुणावर करून पाहिली? आधीच आजार माहीत असलेल्या रुग्णांवर, की निरोगी दिसणाऱ्या माणसांवर?

• पेशी सापडली, तर पुढे उपचारात नक्की काय बदलतं?

२०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने 'पार्सोर्टिक्स' या यंत्राला मान्यता दिली. ते पेशींचा आकार आणि मऊपणा यांवरून, पायऱ्यापायऱ्यांनी अरुंद होत जाणाऱ्या फटींमध्ये भटक्या पेशी अडवतं. पण मान्यता कशासाठी आहे ते नीट पाहा. स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या रुग्णांच्या रक्तातून पुढच्या अभ्यासासाठी पेशी गोळा करायला. निरोगी माणसाला कॅन्सर आहे की नाही, हे सांगायला नाही. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि मेसेजमध्ये नेमका तोच गळून जातो.

मग आज आपण काय करायचं?

ही चिप गावोगावच्या दवाखान्यात पोहोचेल तेव्हा पोहोचेल. तोवर थांबायची मात्र गरज नाही. आपल्या देशात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर सर्वाधिक आढळणाऱ्यांपैकी आहेत, आणि तिन्ही लवकर ओळखायला महागडी चिप लागत नाही. तोंडाची तपासणी तर चांगल्या उजेडात, प्रशिक्षित माणसाने नीट पाहून होते. तीस वर्षांवरच्या स्त्री-पुरुषांसाठी या तपासण्या सरकारी आरोग्य केंद्रांच्या कार्यक्रमात आहेत. तुम्ही पुण्यात असा, इंदूरला, बडोद्याला किंवा बेंगळुरूला, जवळच्या केंद्रात एकदा विचारून या.

घरात कुणी तंबाखू किंवा गुटखा खात असेल आणि तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत बरी होत नसेल, तर आधी त्यांना डॉक्टरांकडे न्या. आई, मावशी, आत्या 'मला काही झालं नाही' म्हणून तपासणी टाळत असतील, तर रविवारी जेवताना हा विषय काढा. हवं तर त्या तिरक्या खांबांच्या मंडपापासून सुरुवात करा. लहान मुलं ऐकायला नक्की बसतील आणि मुलं बसली, की मोठेही बसतात.

आणि 'एका थेंबात कॅन्सर' हा मेसेज ग्रुपवर आलाच, तर वाद घालू नका. फक्त तीस थेंबांचा हिशेब लिहून पाठवा. कुणी काय उत्तर दिलं, ते मला कमेंटमध्ये जरूर सांगा. पुढच्या भागात भेटूच!